जुनी छोटी मोटारसायकल घरी दुरुस्त करताना: आधी धावू द्या, मग नटवा

अर्धवट खोललेल्या जुन्या मोटारसायकली विकायला निघालेल्या नेहमी दिसतात. टाकीला नवा रंग, सीटला नवं कव्हर, आणि इंजिन मात्र तीन खोक्यांत. रंगापासून सुरुवात केली की असं होतं. दिसण्यातला उत्साह आधी संपतो आणि मग किचकट काम समोर उभं राहतं. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. गाडी मिळाली तशी, गंजकीच, आधी चालू करायची. ती चालवून तिची दुखणी समजून घ्यायची, मग खोलायची, आणि कापाकापी, हँडल, सीट, रंग हे सगळं शेवटी.

५० ते २०० सीसीची, एका सिलिंडरची गाडी शिकायला सगळ्यात चांगली. इंजिन एकट्याला उचलता येतं, एक कार्ब्युरेटर, एक प्लग, एक कॉइल. बिघाड शोधायला जागाच कमी.

गाडी निवडताना

चालू नसलेली गाडी घ्यायला हरकत नाही, अपुरी गाडी घेऊ नका. गंजलेला मडगार्ड मिळतो. साइड पॅनल, टाकीचं झाकण, स्पीडोमीटर, मूळ कार्ब्युरेटर असल्या चिल्लर वस्तू शोधण्यात मात्र महिने जातात. होंडा सुपर कबसारखं मॉडेल असेल तर चिंता कमी. १९५८ पासून ते बनतंय आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादन दहा कोटींवर गेलं, त्यामुळे सुटे भाग भरपूर. दुर्मिळ मॉडेल पहिल्या खेपेला नकोच.

सगळ्यात आधी फ्रेमवरचा नंबर कागदपत्रांशी ताडून पाहा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर गाडी कितीही गोंडस असो, सोडून द्या. मग हँडलच्या गळ्यापाशी फ्रेमच्या नळ्यांखाली हात फिरवा. समोरून ठोकर बसली असेल तर तिथे रंगाला सुरकुती किंवा तडा लागतो. शेवटी किक दाबून पाहा. इंजिन फिरतं का, एवढंच आत्ता हवंय.

इंजिन जाम असेल तर किकवर उड्या मारू नका. किकच्या शाफ्टचे दाते तुटतील आणि पिस्टन तसाच राहील. प्लग काढून त्या भोकातून गंज सोडवणारं तेल सोडा आणि दोन-चार दिवस विसरा. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. टॉप गिअरच का, तर चाकाचा जोर इंजिनपर्यंत सगळ्यात जास्त त्याच गिअरमध्ये पोचतो. केसभर हललं तरी तेल टाकत राहा, घाई करू नका.

हत्यारं, आणि एका स्क्रूची गोष्ट

रिंग पाने, सॉकेट सेट, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, ठरावीक जोराने आवळणारा छोटा टॉर्क रेंच, त्या मॉडेलचा फ्लायव्हील पुलर (क्रँकच्या टोकावरचं जड चाक ओढून काढणारं हत्यार) आणि सर्व्हिस मॅन्युअल. पुलरला पर्याय नाही. फ्लायव्हील हातोडीने ठोकून किंवा टॉमीने उचकटून काढणाऱ्याचा क्रँक वाकतो किंवा फ्लायव्हीलची कड फुटते. मॅन्युअल हत्यारांच्या यादीत मुद्दाम धरलंय, कारण त्यातले आकडे नसतील तर उरलेली हत्यारं आंधळी.

जपानी गाड्यांच्या इंजिन कव्हरवरचे अधिक चिन्हाचे स्क्रू फिलिप्स नसतात, ते जेआयएस या जपानी मापाचे असतात. डोक्यावर एखादा बारीक ठिपका दिसला तर खात्रीच. फिलिप्सचा ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण टेकतो खाचेच्या काठावर. जोर दिला की वर उसळतो, आणि दोनदा उसळला की अधिकचा शून्य होतो. जेआयएस ड्रायव्हर घ्या, आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरही घ्या. ठोक्यासरशी तो स्क्रू खाली दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, म्हणून पन्नास वर्षं चिकटलेला स्क्रूही सुटतो.

जुन्या ब्रिटिश गाडीचा प्रश्न वेगळा. तिथे नट-बोल्ट इंची किंवा विटवर्थ मापाचे, मेट्रिक पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे खातो. शिवाय १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्यात गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. पहिल्या फेरीला निघताना हे लक्षात असू द्या. जाता जाता सांगतो, बीएसए बँटम आणि यामाहाची पहिली गाडी वायए-१ या दोघींची मूळ आजी एकच, जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५. बँटम बनवताना तर रचना आरशातल्यासारखी उलटी केली, गिअर उजवीकडे यावा म्हणून. नातं असलं तरी भाग एकमेकींना बसत नाहीत.

काहीही खोलण्याआधी फोटो काढा. वायर कुठल्या नळीच्या आतून जाते, केबल फोर्कच्या पुढून की मागून, वायसर किती आणि कुठल्या बाजूला. सुटलेला प्रत्येक गट छोट्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. ‘लक्षात राहील’ हा भरवसा नको.

ठिणगी

इंजिनला तीनच गोष्टी लागतात: दाब, ठिणगी, इंधन. याच क्रमाने तपासा.

दाबासाठी प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आकडा चढायचा थांबेपर्यंत किक मारा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा फार कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आता वाढला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. टॅपेटचा प्ले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, हीही आत्ताच पाहा. होंडाच्या छोट्या सिंगल इंजिनांत तो ०.०५ मिमी असतो. इंजिन थंड हवं आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला. प्ले उरलाच नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि दाब विनाकारण कमी दिसतो.

आता प्लग कॅपला लावून त्याचा धातूचा भाग हेडला टेकवा आणि किक मारा. निळी, टकटकीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच तर दोष बहुधा पॉइंटचा, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचचा. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की पॉइंटच्या दोन टिकल्यांवर ऑक्साइडची पातळ झिल्ली चढते आणि करंट जात नाही. बारीक पॉलिश पेपर दोन हात फिरवा, मग साधा कोरा कागद टिकल्यांमध्ये चिमटून ओढा. पहिल्यांदा कागदावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटेनाशी होईपर्यंत कागद बदलत राहा. पॉलिश पेपरचा कण किंवा बोटाचं तेल राहिलं तर ठिणगी पुन्हा रुसते, म्हणून शेवटचा हात कागदाचाच.

पॉइंट जास्तीत जास्त उघडे असताना फट साधारण ०.३ ते ०.४ मिमी ठेवा. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग, ठिणगी पडण्याची वेळ, अलीकडे येते. त्यामुळे आधी फट, मग टायमिंग. बॅटरी-कॉइलच्या गाडीत टायमिंग लावायला छोटा बल्ब पुरतो. एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरं इंजिनच्या कोऱ्या धातूला, चावी चालू. फ्लायव्हील हळू फिरवा. बल्ब पेटला म्हणजे पॉइंट उघडले, आणि होंडाच्या फ्लायव्हीलवरची ‘एफ’ खूण केसिंगवरच्या खुणेसमोर नेमकी त्याच क्षणी यायला हवी. बल्ब आधी किंवा नंतर पेटला तर पॉइंटची प्लेट किंचित सरकवा. टू-स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा हे माप पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली आहे यावर दिलेलं असतं, तिथे डायल गेज लागतो.

टाकी

टाकी साफ न करता कार्ब्युरेटर साफ करणं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं. टाकीच्या आत टॉर्चने पाहा. नुसती तपकिरी धूळ असेल तर सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी पुरतं, लिटरला ५० ते १०० ग्रॅम. कॉक आणि झाकण आधी काढा, कारण त्यांचा जस्त-ॲल्युमिनियमचा धातू आम्लात खाल्ला जातो. कॉकचं भोक बुचाने बंद करून टाकी काठोकाठ भरा आणि दर काही तासांनी आत डोकवा. राखाडी धातू दिसला की थांबायचं. रात्रभर विसरलात तर आम्ल चांगला पत्राही खायला लागतं.

गंजाचे पोपडे असतील तर विद्युत-पद्धत चांगली. टाकीत पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा. झाकणाच्या भोकातून साधा लोखंडी गज आत सोडायचा, तो टाकीला कुठेही शिवता कामा नये. साध्या बॅटरी चार्जरचं ऋण टोक टाकीला, धन टोक गजाला. गज गंजत जातो, टाकी सुधारते. दोन इशारे पक्के लक्षात ठेवा. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करा, आणि चार्जर बंद केल्याशिवाय वायरी काढू नका. आणि गज स्टेनलेस स्टीलचा कधीच नको. त्यातल्या क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

कुठल्याही पद्धतीनंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि आतून तेल-पेट्रोल फिरवा. ओला कोरा पत्रा अर्ध्या तासात पुन्हा तांबूस पडतो. टाकीला भोक असेल तर वेल्डिंग घरी करू नका. पेट्रोल संपलं तरी शिवणीत वाफ दडलेली असते आणि ठिणगी पडली की टाकी फुटते. हे काम ज्याला टाक्यांची सवय आहे त्याच्याकडे द्या.

कार्ब्युरेटर आणि पहिली सुरुवात

बाजूचा छोटा एअर स्क्रू काढण्याआधी तो आत पूर्ण टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. बहुतेकदा एक ते दीडच्या आसपास असतो. मग कार्ब्युरेटरच्या तळाची वाटी उघडा. जुन्या पेट्रोलचा हिरवट-पिवळा चिकट थर बसलेला असेल.

घोळ नेहमी पायलट जेटमध्ये, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या जेटमध्ये. बारीक पितळी नळी, तिच्या मधोमध केसाएवढं भोक. धुऊन झाल्यावर उजेडासमोर धरा: गोल, स्वच्छ प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका अंडाकृती किंवा अंधूक असेल तर अजून आत घाण आहे. पिन किंवा स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की ते परत लहान होत नाही. वायरीतली तांब्याची एक सुटी तार, नाहीतर नायलॉनचा धागा घ्या. नंतर प्रत्येक वाटेत क्लीनर फवारून दुसऱ्या टोकाला तो बाहेर येतोय का ते पाहा. फवारताना चष्मा घाला, कारण भलत्याच भोकातून धार डोळ्यात येते.

वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे लावा, रबरी भाग सगळे नवे टाका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं किंवा चिरतं, ‘अजून चाललं असतं’ म्हणून ठेवू नका.

आता इंजिन ऑइल नवं, टाकीऐवजी छोट्या बाटलीतून ताजं पेट्रोल, चोक ओढून किक. टू-स्ट्रोक असेल तर ऑइल पंपावर लगेच विश्वास न ठेवता पेट्रोलमध्येच तेल मिसळा. इंजिन चालू झालं आणि आपोआप वर-वर ओरडायला लागलं तर कुठून तरी हवा आत शिरतेय. इनटेक रबरावर साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला तर तिथेच गळती. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील वाळलेले असणं हे याहून मोठं कारण. मॅग्नेटोच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, बाजूचा सील गेला तर हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन सीज होतो, म्हणजे जाम बसतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरबॉक्सचं तेल जळतं, पांढरा धूर सुटतो आणि तेलाची पातळी घसरत जाते. वीस-तीस वर्षं उभी असलेली टू-स्ट्रोक चालू झाली तरी सील बदलल्याशिवाय दामटू नये असं माझं मत आहे.

इंजिन उघडायचं का?

दाब चांगला, खडखड नाही, धूर नाही, तर उघडू नका. उगाच उघडलेल्या इंजिनात गॅस्केट, सील आणि तुटलेल्या स्टडचा नवा खर्च निघतो. उघडावंच लागलं तर केसिंग ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा आणि नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे बेअरिंग बहुधा न ठोकताच आत बसतं. कव्हरचे ६ मिमी बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, टाका. ते काम घरी जमतं.

चाकं आणि ब्रेक

टायरवर किती नक्षी शिल्लक आहे याने फसू नका, तारीख वाचा. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३५१९ असेल तर २०१९ चा पस्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, तो काढून टाका, कितीही जाड दिसो.

ड्रम उघडला की आतली भुकटी हवेने उडवू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. चेनचा प्ले बहुतेक छोट्या गाड्यांवर २० ते ३० मिमी. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात ताणलेली सापडेल तिथे मोजा. हँडलच्या गळ्यातलं बेअरिंग उघडताना खाली मोठी परात ठेवा, कारण सुट्या गोळ्या भुर्रकन पसरतात. खाली पडतील त्या मोजून घ्या.

वायरिंग

सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर न्यायची घाई असते. आधी जुनी नीट करा. ३५ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर ओढतो, बाराच्या दुप्पट. त्यामुळे गंजलेल्या एका जोडणीतही दिवा मंदावतो. प्रत्येक जोडणी उघडून घासली आणि बॅटरीपासून इंजिनपर्यंत एक जाड अर्थ-वायर टाकली तर अर्ध्या तक्रारी संपतात. आणि फ्रेम रंगवल्यावर दिवे बंद पडले तर वायरिंगला दोष देण्याआधी अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडा.

आता बदल

इथपर्यंत काही आठवडे गाडी चालवली असेल तर तिच्यात काय बदलायचं हे तुम्हालाच कळलेलं असतं. बऱ्याच वेळा यादी छोटी होते.

सगळ्यात स्वस्त आणि जाणवणारा बदल स्प्रॉकेटचा. पुढचं १४ दात्यांचं काढून १३ चं लावलं की मागे ३८ ऐवजी ४१ लावल्याएवढा फरक पडतो: पिकअप वाढतो, वेग कमी होतो. परत फिरायला दहा मिनिटं लागतात. हँडल बदलायचं असेल तर इंजिन चालू ठेवून ते दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा. वळवताना आवाज चढला तर थ्रॉटल केबल आखूड पडतेय, आणि हे वळणावर कळणं फार वाईट. हँडल टाकीवर आपटतं का, बोटं मध्ये चिमटतात का, तेही आत्ताच पाहा.

मागचे शॉक लांब घातले तर गाडी पुढे झुकते, चपळ होते आणि सरळ रस्त्यावर थोडी चंचलही. आखूड घातले तर टायर मडगार्डला घासतो. लावण्याआधी शॉक काढून ठेवा आणि चाक हाताने पूर्ण वर उचलून बघा, काय कुठे लागतं ते डोळ्यांना दिसेल.

एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरची मूळ पेटी, फेकून उघडा फिल्टर लावण्याची हौस मला कधी पटली नाही. हवा वाढते, मिश्रण पातळ होतं, मग मोठा जेट, मग सुईची क्लिप, मग महिनाभर मिसिंग. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरला तर हातच लावू नका. तो नुसता आवाज दाबत नाही. बाहेर निघालेलं ताजं मिश्रण त्याच्यातली परतणारी दाबाची लाट पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. तो कापला की ताकदही कापली जाते.

फ्रेम कापायची तर मागच्या सीटखालची कमान एवढीच. हँडलचा गळा, स्विंगआर्मचा आडवा बोल्ट, शॉकचे टेकू यांच्या जवळ ग्राइंडर नको. वेल्डिंग जाणकाराकडून करून घ्या. फ्रेम किंवा दिव्यांतले बदल नोंदणीला चालतात का हे कापण्याआधी विचारा.

रंगाचं थोडक्यात: मूळ रंग सत्तर टक्के शाबूत असेल तर तो पॉलिश करून ठेवा, कारण कारखान्याचा रंग एकदाच मिळतो. रंगवायचंच असेल तर टाकीवर पेट्रोलने खराब न होणारा क्लिअर कोट लागतो. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या, क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं आणि साध्या मास्कने ते अडत नाही, म्हणून तेवढा थर पेंटरकडून. फ्रेमला पावडर कोट करणार असाल तर बेअरिंग आणि रबर सगळं काढा, भट्टी २०० अंशांच्या आसपास असते, आणि आटे व अर्थची जागा झाकायला सांगा.

पहिली फेरी

घराजवळच, हेल्मेट-हातमोजे घालून, खिशात प्लग आणि प्लग-पाना. ५० किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड झालं की हेडचे नट मॅन्युअलच्या क्रमाने पुन्हा आवळा, स्पोक वाजवून सैल शोधा, चेन मोजा. तेल काढून पांढऱ्या भांड्यात ओता. राखाडी, चंदेरी झाक नव्या रिंगांनंतर स्वाभाविक आहे. चिमटीत पकडता येतील असे तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि क्लच कव्हर उघडा.